स्टॅटिक इक्विलिब्रियमचे प्रॉब्लेम सोडवायचे कसे: दोरी, फळी, पाटी आणि शिडी

अकरावी सायन्सला किंवा इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला हा टॉपिक आला की ठरलेली तक्रार ऐकू येते, थेअरी कळली पण गणित सुटत नाही. आता गंमत अशी की या टॉपिकमध्ये पाठ करण्यासारखं जवळपास काही नाहीच. वस्तू स्थिर आहे, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य आणि सगळ्या टॉर्कची (म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या परिणामाची) बेरीज शून्य, संपली थेअरी. कागदावर काढता येतील अशा प्रॉब्लेममध्ये याची तीनच समीकरणं होतात: आडवी बलं शून्य, उभी बलं शून्य, टॉर्क शून्य. मग मुलं अडकतात कुठे तर समीकरणाच्या आधी. कुठल्या वस्तूचा विचार चाललाय ते ठरलेलं नसतं, बलं अर्धीच काढलेली असतात, आणि टॉर्क कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा हे आपल्या हातात असतं हेच कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून खाली मी जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे, बेरीज वजाबाकी तुमची तुम्हाला येते.

(सगळीकडे जी १० धरलाय, म्हणजे १ किलोचं वजन १० न्यूटन. परीक्षेत ९.८ सांगितला असेल तर तो घ्या.)

पहिलं काम: एक वस्तू निवडा आणि तिच्यावरच राहा

प्रॉब्लेममध्ये भिंत असते, शिडी असते, शिडीवर माणूस असतो, जमीन असते. या सगळ्यांचा एकदम विचार करायला गेलात की गोंधळ ठरलेला. एक वस्तू उचला, समजा शिडी, आणि कागदावर नुसती शिडी काढा. भिंत नाही, जमीन नाही, माणूस नाही, कोऱ्या कागदावर एक तिरकी रेघ. आता विचारा, या शिडीला कोण कोण शिवतंय? जमीन शिवते, भिंत शिवते, माणसाचे पाय शिवतात. शिवणाऱ्या प्रत्येकाकडून बल येणार आणि शिवाय पृथ्वीकडून वजन, जे न शिवता लागतं. एवढंच. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, पोरं एफबीडी म्हणतात.

एखादं बल काढलंत आणि ते कोण लावतंय याचं उत्तर देता येत नसेल तर ते बल खोडा. बऱ्याच वह्यांमध्ये वजनाच्या बाणाला उलटा एक 'रिॲक्शन' बाण तिथेच, सीजीला (गुरुत्वमध्याला, जिथे सगळं वजन लागतं असं धरतात) काढलेला दिसतो, तो साफ चूक आहे. शिडीच्या वजनाची न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी पृथ्वीवर लागते, शिडीवर नाही, आणि आपल्या कागदावर पृथ्वी नाहीये.

मग कोण कसं बल लावतं ते एकदा डोक्यात बसवून टाका:

- दोरी, वायर, साखळी: फक्त ओढते, ढकलत नाही, आणि दोरीच्याच दिशेत.
- गुळगुळीत पृष्ठभाग: फक्त काटकोनात ढकलतो. काटकोन कशाशी? जिथे सपाट पृष्ठभाग आहे त्याच्याशी. शिडीचं टोक सपाट भिंतीला टेकलंय तर बल भिंतीला काटकोनात, म्हणजे आडवं. पण शिडी गच्चीच्या कठड्याच्या कडेवर टेकून वर गेली असेल तर कडेला दिशाच नाही, तिथे बल शिडीला काटकोनात. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात.
- खडबडीत पृष्ठभाग: काटकोनातलं बल, अधिक पृष्ठभागाच्या दिशेत घर्षण.
- बिजागरी: दिशा आधी माहीत नसते, म्हणून सरळ एक आडवा आणि एक उभा असे दोन अज्ञात घटक घ्यायचे. दिशा अंदाजाने काढा, चुकली तर उत्तर मायनसमध्ये येतं आणि तेच सांगतं की बल उलट्या दिशेने आहे. आकृती परत काढत बसू नका.

टॉर्क नको असलेले प्रॉब्लेम आधी करा

सगळी बलं एकाच बिंदूतून जात असतील तर टॉर्कचं समीकरण लागतच नाही, आडवं आणि उभं एवढ्यावर काम होतं. कपडे वाळत घालायची दोरी घ्या. बरोबर मधोमध ४ किलोची ओली गोधडी टाकलीय, वजन ४० न्यूटन, आणि दोरीचे दोन्ही भाग आडव्या रेषेशी थीटा कोन करून खाली आलेत. वस्तू कुठली निवडायची? गोधडी जिथे लटकलीय तो दोरीचा बिंदू. आडवं समीकरण सांगतं की दोन्हीकडचं टेन्शन, म्हणजे दोरीतला ताण, सारखं, त्याला टी म्हणू. उभं समीकरण:

२ × टी × साइन थीटा = ४०

थीटा ३० अंश असेल तर टी ४० न्यूटन. १० अंश असेल तर साधारण ११५. ५ अंश असेल तर साधारण २३०. म्हणजे दोरी जितकी ताणून बांधाल तितकं टेन्शन वाढत जातं, ४ किलोच्या गोधडीसाठी हूकवर २३ किलोचा ओढा, आणि मग हूक प्लास्टरसकट बाहेर येतो. दोरी पूर्ण आडवी करता येईल का? नाही, कारण मग साइन शून्य आणि वर ओढायला कुणी उरतच नाही. हा निकाल समीकरणातून वाचता आला पाहिजे, आकडा काढून पुढे पळू नका.

तीन बलांच्या अशा केसला लामीचं प्रमेयही चालतं (प्रत्येक बल भागिले उरलेल्या दोन बलांमधल्या कोनाचा साइन, हे तिन्हींसाठी सारखं), सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या बर्नार लामीचं. पटकन होतं, पण तीनच बलं असतील आणि ती एका बिंदूत मिळत असतील तरच. चौथं बल आलं की बंद. घटक पाडायची सवय असेल तर लामीवाचून काही अडत नाही हे माझं प्रामाणिक मत.

टॉर्क: लंब अंतर शोधा, साइन शोधू नका

टॉर्क म्हणजे बल गुणिले बिंदूपासून त्या बलाच्या रेषेचं लंब अंतर. 'बलाच्या रेषेचं' हे महत्त्वाचं आहे, बल लागलेल्या जागेचं अंतर नाही. बाण दोन्हीकडे लांब वाढवा आणि मग बिंदूपासून त्या रेघेवर लंब टाका. व्यवहारात एक सोपी युक्ती पुरते: बल उभं असेल तर आडवं अंतर घ्या, बल आडवं असेल तर उंची घ्या, तिरकं असेल तर आधी दोन घटक करा आणि मग परत हेच. यात साइन की कॉस हा घोळच राहत नाही.

आता बिंदू कुठला? कुठलाही, खरंच कुठलाही. निव्वळ बल शून्य असेल तर एका बिंदूभोवती टॉर्क शून्य म्हणजे सगळ्याच बिंदूंभोवती शून्य, बिंदू वस्तूवर असायचीसुद्धा गरज नाही. मग शहाण्यासारखा निवडा. जिथून सगळ्यात जास्त अज्ञात बलं जातात तो बिंदू घ्या, त्यांचं लंब अंतर शून्य होतं आणि ती समीकरणातून आपोआप गळतात. फक्त एक लक्षात ठेवा, तीन समीकरणं वापरून झाल्यावर चौथ्यांदा दुसऱ्या बिंदूभोवती टॉर्क घेतलात तर नवीन काही मिळणार नाही, शून्य बरोबर शून्य येईल. उत्तर पडताळायला मात्र ते फार उपयोगी आहे.

फळी

रंगारी लोक दोन स्टुलांवर फळी टाकून उभे राहतात ती डोळ्यासमोर आणा. फळी ४ मीटर लांब, २४ किलो, सगळीकडे सारखी. एक स्टूल डाव्या टोकाला, त्याला अ म्हणू. दुसरं स्टूल अ पासून ३ मीटरवर, ते ब. उजवीकडे १ मीटर फळी अधांतरी. ६० किलोचा माणूस अ पासून १ मीटरवर उभा आहे.

फळीवर बलं: अ कडून वर, ब कडून वर, स्वतःचं वजन २४० खाली मधोमध म्हणजे अ पासून २ मीटरवर, आणि माणूस ६०० खाली. अ भोवती टॉर्क घ्या, अ चं बल गेलं:

ब × ३ = २४० × २ + ६०० × १ = १०८०, म्हणून ब = ३६० न्यूटन.

उभ्या समीकरणातून अ = ८४० − ३६० = ४८०. पडताळा ब भोवती: ४८० × ३ = १४४०, आणि दुसऱ्या बाजूला ६०० × २ + २४० × १ = १४४०. जमलं.

आता खरा प्रश्न, माणूस उजवीकडे सरकत सरकत ब च्या पलीकडे किती जाऊ शकतो? फळी उलटायच्या क्षणी काय होतं याचा विचार करा: डावं टोक स्टुलावरून उचललं जायला लागतं, म्हणजे अ चं बल शून्य. 'उलटेल का', 'सुटेल का', 'उचलेल का' असं काहीही विचारलं की त्या जागचं बल शून्य ठेवायचं, हीच किल्ली. ब भोवती: २४० × १ = ६०० × क्ष, क्ष = ०.४ मीटर. अधांतरी भाग १ मीटरचा असला तरी वापरता येतो फक्त ४० सेंटिमीटर, एक पाऊल जास्त टाकलं की रंगाच्या डब्यासकट खाली.

दुकानाची पाटी

भिंतीला बिजागरीने अडकवलेली २ मीटरची आडवी दांडी, वजन ८० न्यूटन, टोकाला १२० न्यूटनची पाटी, आणि त्याच टोकापासून वर भिंतीपर्यंत वायर, दांडीशी ३० अंशात. अज्ञात तीन: वायरचं टेन्शन आणि बिजागरीचे दोन घटक. बिजागरीतून दोन अज्ञात जातात म्हणून टॉर्क तिथेच घ्या:

टी × साइन ३० × २ = ८० × १ + १२० × २ = ३२०, म्हणजे टी = ३२० न्यूटन.

एकूण वजन २०० आणि वायरमध्ये ३२०, हे बघून आपलं चुकलं असं वाटून खोडू नका, तिरकी वायर वजन उचलताना दांडीला भिंतीकडे दाबतेसुद्धा, त्यासाठी जास्तीचं टेन्शन लागतं. आडवं: बिजागरी दांडीला बाहेर ढकलते, ३२० × कॉस ३०, साधारण २७७. उभं: वायर १६० वर ओढते, उरलेले ४० बिजागरी वर देते. पटकन पडताळायचंय? दांडीच्या बाहेरच्या टोकाभोवती टॉर्क घ्या, वायर आणि पाटी दोन्ही गळतात: बिजागरीचं उभं बल × २ = ८० × १, आलं ४०.

शिडी, जिथे सगळे घाबरतात

५ मीटरची शिडी, पाया भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. शिडीचं वजन १०० न्यूटन, माणूस ६०० न्यूटन, भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. माणूस शिडीवरून मोजून ४ मीटर वर चढलाय. घर्षण किती लागेल?

बलं मोजा: जमिनीचं उभं बल, जमिनीचं घर्षण, भिंतीचं आडवं बल, दोन वजनं. अज्ञात तीन, समीकरणं तीन, सुटणार. घर्षणाची दिशा कशी कळणार? घर्षण नसतं तर पाया कुठे पळाला असता? भिंतीपासून लांब. म्हणजे घर्षण भिंतीकडे. पायाभोवती टॉर्क घेतला की जमिनीची दोन्ही बलं गेली. भिंतीचं बल आडवं, म्हणून उंची ४. वजनं उभी, म्हणून आडवी अंतरं: शिडीचं निम्म्यात म्हणजे १.५, माणसाचं ५ पैकी ४ भाग म्हणजे ३ × ४ ÷ ५ = २.४.

भिंत × ४ = १०० × १.५ + ६०० × २.४ = १५९०, म्हणून भिंत = ३९७.५ न्यूटन.

आडवं समीकरण: घर्षण पण ३९७.५. उभं: जमिनीचं बल ७००.

इथे बघा, मी कुठेही घर्षण = म्यू × एन लिहिलं नाही (म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, एन म्हणजे पृष्ठभागाचं काटकोनातलं बल). या धड्यात सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे. स्थिर घर्षण लागेल तेवढंच असतं, म्यू × एन ही त्याची कमाल मर्यादा आहे, किंमत नाही. ते समीकरण फक्त 'आता घसरणारच' अशा काठावरच्या केसला लिहायचं. आपल्याला ३९७.५ लागतंय आणि खाली ७०० आहे, म्हणजे म्यू किमान ०.५७ हवा.

समजा फरशीचा म्यू ०.५ च आहे. मग जास्तीत जास्त घर्षण ३५०, भिंतीचं बल पण ३५० च्या वर जाऊ शकत नाही. आता काठावरची केस आहे म्हणून उलटं जा: ३५० × ४ = १५० + ६०० × क्ष, क्ष = साधारण २.०८ मीटर आडवं, शिडीवरून मोजलं तर ३.४७ मीटर. तिथपर्यंत ठीक, पुढची पायरी चढला की पाया सुटतो. शिडी माणूस चढायला लागल्यावर नाही, वर पोचता पोचता घसरते, ते यामुळे.

आता तीच शिडी उभी करून लावा, पाया १.४ मीटरवर, टोक ४.८ वर. माणूस परत ४ मीटर चढलेला: भिंत × ४.८ = १०० × ०.७ + ६०० × १.१२ = ७४२, भिंत साधारण १५५. लागणारा म्यू फक्त ०.२२. तोच माणूस, तीच शिडी, तीच फरशी. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाया ठेवा, म्हणजे साधारण ७५ अंश, असा सेफ्टीवाल्यांचा नियम आहे तो उगाच नाही.

सुटतच नसेल तर

अज्ञात मोजा, समीकरण लिहायच्या आधी मोजा. वरच्या शिडीत भिंतपण खडबडीत धरली तर भिंतीचं घर्षण वाढतं, अज्ञात चार होतात आणि समीकरणं तीनच, मग नुसत्या इक्विलिब्रियमवर उत्तर निघतच नाही, तुमच्या अकलेचा दोष नाही. अशा वेळी प्रश्न परत वाचा, 'घसरण्याच्या बेतात' असं कुठेतरी लिहिलेलं असतं, मग दोन्हीकडे म्यू × एन लिहिता येतं आणि गाडी पुढे जाते. चार पायांच्या टेबलाचंही तसंच, प्रत्येक पायावर किती भार हे नुसत्या इक्विलिब्रियमने ठरत नाही, पाय किंवा जमीन किती दबते त्यावर जातं. तीन पायांच्या स्टुलाचं मात्र चोख निघतं. प्रश्नात चार पाय दिले असतील तर बहुतेक सममितीवर सोडवायचं असतं.

आणि उत्तर आलं की दोन गोष्टी बघा. दोरीचं टेन्शन किंवा जमिनीचं काटकोनातलं बल मायनस आलं तर नुसती दिशा उलटी असं समजून पुढे जाऊ नका, दोरी ढकलत नाही आणि जमीन ओढत नाही, म्हणजे ती वस्तू तशी स्थिर राहूच शकत नाही. बिजागरीचं मायनस चालतं, यांचं नाही. दुसरं, न वापरलेल्या बिंदूभोवती एकदा टॉर्क तपासा, अर्धं मिनिट लागतं.

शेवटी एक तुम्ही करा. कपाट ०.६ मीटर रुंद, सीजी रुंदीच्या मधोमध, म्यू ०.४. बाजूने आडवं ढकलायचंय. कुठल्या उंचीच्या वर ढकललं तर ते सरकण्याऐवजी उलटेल? वजन दिलेलं नाही, मुद्दाम, लागत नाही, हवं तर ४०० न्यूटन धरून करा आणि नंतर अक्षर ठेवून करा. हिंट: उलटायच्या क्षणी जमिनीचं सगळं काटकोनातलं बल लांबच्या खालच्या कडेवर गोळा झालेलं असतं, तर टॉर्क त्या कडेभोवती घ्या. उत्तर ०.७५ मीटर यायला हवं. १.५ आलं असेल तर वजनाचं लंब अंतर ०.३ ऐवजी ०.६ घेतलंत.